वाटेत पडलेला प्रवासी

(अभ्यासगट व तरुण संघ यांच्यासाठी. वाचन : लूक १०:२५–३७)

मांडू पाहिले नाही असे माळव्यातले मराठी कुटुंब विरळाच. इंदूर, देवास, धार येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आपली माणसे, पावसाळ्यात पाहुणे आले की त्यांना घेऊन मांडूला निघतात. धारहून नालछामार्गे सुमारे पस्तीस किलोमीटरांची वाट. शेवटी काकडा खोहची खोल दरी, दरीत उतरलेले धुके आणि आलमगीर दरवाज्यावरून वळणे घेत चढणारा रस्ता. जहाजमहाल, हिंडोळामहाल, होशंगशहाची कबर पाहायची, रूपमतीच्या मंडपावरून खाली निमाडात नर्मदेची रेघ दिसते का ते पाहायचे, आणि अंधार पडण्यापूर्वी परत फिरायचे. परतताना सर्वांनाच घाई असते.

२०१२ च्या पावसाळ्यात आमच्या मंडळीची सहल दोन जीपगाड्यांतून अशीच गेली होती. दुपारी सागर तलावाजवळच्या जुन्या कारवान सराईच्या सावलीत डबे सोडले, गाणी म्हटली, आणि साडेचारच्या सुमारास आमची जीप आधी निघाली. दुसरी जीप मागे राहिली, कारण कोणाला तरी मांडूची चिंच घ्यायची होती. (बाओबाबच्या त्या फळाला तिकडे मांडूची इमलीच म्हणतात.) घाट उतरून थोडे पुढे आलो तोच एक मोटार रस्ता सोडून झाडावर आदळलेली दिसली. अपघात होऊन पाच-सात मिनिटे झाली असतील. गाडीत पाच माणसे होती. पुढे चालक व त्याचा भाऊ, मागे एक म्हातारी, एक तरुण बाई व सहा-सात वर्षांचा मुलगा.

पुढे आम्ही जे केले ते जसे घडले तसे सांगतो, कारण या पाठाचा पहिला भाग तोच आहे.

चालकाच्या कपाळातून रक्ताची धार लागली होती व तो मोठ्याने ओरडत होता. म्हणून आम्ही सात जणांपैकी पाच जण त्याच्याकडेच धावलो. दोघांनी म्हातारीला काखेत हात घालून बाहेर ओढले व गवतावर बसवले. मुलगा रडत होता. त्याला बिस्किटे दिली. ती तरुण बाई सरळ बसून होती. अंगावर एक ओरखडासुद्धा नाही. ती म्हणाली, मला काही झाले नाही, बाळाला बघा. मग तिने पाणी मागितले. आम्ही बाटली दिली. तिने पुन्हा मागितले, आम्ही पुन्हा दिली. तहानलेल्याला पाणी देण्यात काय चूक, असेच आम्हांला वाटले.

वीस मिनिटांनी दुसरी जीप आली. तीत आमच्या मंडळीतल्या एक निवृत्त परिचारिका होत्या. सारे त्यांना सिस्टर म्हणत. त्यांनी एकदा सर्वांवरून नजर फिरवली, ओरडणाऱ्या चालकाला ओलांडले आणि थेट त्या बाईच्या मनगटावर हात ठेवला.

“पाणी कोणी दिलं हिला?”

आम्ही गप्प.

“ही आधी जायला हवी. आत्ता. आडवी करून न्या, बसवून नाही. तो ओरडतोय म्हणजे त्याचा श्वास चालू आहे, त्याच्याजवळ मी थांबते.”

तेव्हा कुठे आम्ही त्या बाईकडे नीट पाहिले. तोंड पांढरे पडले होते, कपाळावर गार घाम, ओठ सुकलेले. आमच्यापैकी चौघांनी तिला जीपमध्ये आडवी करून पहिल्या मोठ्या रुग्णालयात पोहोचवले. दारातच नाव, पत्ता व अपघात कसा झाला हे विचारले गेले. कोणीतरी हळूच म्हणाले, “पोलीस केस आहे, आपण अडकू.” आणि आम्ही, आताच सराईत भक्तिगीते म्हणून आलेली माणसे, बाईला स्ट्रेचरवर ठेवून मागच्या मागे बाहेर पडलो. ना नाव दिले, ना अपघात केव्हा झाला ते सांगितले, ना तिने पाणी प्यायले आहे ते. तासाभराने सिस्टर इतरांना घेऊन पोहोचल्या. आम्हांला फाटकाबाहेर चहा पिताना पाहून त्या काही बोलल्या नाहीत. एकट्या आत गेल्या व पहाटेपर्यंत तेथे राहिल्या. त्या बाईची प्लीहा फुटली होती. पोटात पाणी असल्यामुळे भूल देताना डॉक्टरांची अडचण झाली. ती वाचली, पण त्याचे श्रेय आमच्याकडे येत नाही.

आता वाचनाकडे वळू. नव्या करारात हा दाखला फक्त लूकाने दिला आहे, आणि लूक वैद्य होता हे कलस्सैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायावरून आपल्याला ठाऊक आहे. शब्बाथशाळेत हा दाखला शिकवताना आपण बहुतेक वेळ याजक व लेवी यांना बोल लावण्यात घालवतो. या खेपेस तो दवाखान्यातल्या माणसाच्या नजरेने वाचावा. यरुशलेमेहून यरीहोकडे जाणारी वाट सुमारे पंचवीस-सत्तावीस किलोमीटरांत हजार मीटर खाली उतरते, म्हणजे घाटच. शोमरोनी माणूस जवळ जातो, आधी पाहतो. जागीच जखमा बांधतो. मग स्वतःच्या जनावरावर घालून नेतो. उतारशाळेत ती रात्र स्वतः त्याच्यापाशी राहतो. दुसऱ्या दिवशी रखवालदाराला दोन दीनार देतो, म्हणजे मत्तय २० प्रमाणे दोन दिवसांची मजुरी, आणि जास्त खर्च लागला तर परत येताना देईन असे सांगून ठेवतो. प्रथमोपचार, वाहतूक, भरती, शुश्रूषा, खर्चाची हमी : आजचे डॉक्टरही हाच क्रम सांगतात. आम्ही त्यातली वाहतूक तेवढी केली होती, तीही सिस्टरांनी सांगितल्यावर.

याजक व लेवी बाजूने का गेले याचे कारण दाखल्यात दिलेले नाही. परंतु लेवीय २१ मध्ये याजकाला प्रेताचा विटाळ निषिद्ध आहे, आणि वाटेतला माणूस अर्धमेला होता, मेलेलाच वाटला असेल. म्हणून काही भाष्यकार म्हणतात की ते दुष्ट नव्हते, नियमाला भ्याले होते. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर चहा पिणाऱ्या आम्हांला हे भाष्य फार लवकर पटले!

मोटार आदळते तेव्हा माणसाला काय होते ते आधी समजून घेऊ. गाडी झाडाशी थांबते, पण आतले शरीर त्याच वेगाने पुढे जात राहते आणि दाराला, आसनाला किंवा काचेला आपटून थांबते. शरीर थांबल्यावरही आतले काळीज, प्लीहा, मेंदू हे अवयव क्षणभर पुढे जातात व फाटतात किंवा चेचतात. त्यामुळे मोटारीतल्या प्रवाशाची सर्वांत घातक जखम पुष्कळदा बाहेरून दिसतच नाही. महाराष्ट्राने याचे उदाहरण ३ जून २०१४ रोजी पाहिले. केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला दिल्लीत दुसऱ्या गाडीची धडक बसली. ते मागच्या आसनावर होते व पट्टा लावलेला नव्हता. अंगावर मोठी जखम दिसत नव्हती. धडकेनंतर त्यांनी पाणी मागितले व रुग्णालयात न्यायला सांगितले, असे त्या दिवशी जाहीर करण्यात आले. थोड्याच वेळात ट्रॉमा सेंटरमध्ये पोहोचूनही ते वाचले नाहीत. मानेचे मणके निखळले होते आणि यकृत फाटून पोटात रक्त साठले होते. आठ वर्षांनी, ४ सप्टेंबर २०२२ रोजी, पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. तेही मागे बसले होते व तेथेही पट्टा नव्हता. त्या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली व ४,४३,३६६ जखमी झाली, असा सरकारी अहवाल आहे. पट्टा न लावता मेलेल्यांत चालक ८,३८४ होते आणि इतर प्रवासी ८,३३१, म्हणजे जवळजवळ तितकेच. मागे बसणाऱ्याला पट्टा कशाला, असे म्हणणारे वडीलधारे आपल्या प्रत्येक घरात आहेत. नियम मागच्यांनाही लागू आहे. पण दंडापेक्षा त्यांना हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवावेत.

अपघातस्थळी पोहोचल्यावर पहिली गोष्ट, आणखी एक अपघात होऊ देऊ नये. आपली गाडी पुढे नेऊन कडेला लावावी, चमकते दिवे चालू ठेवावेत आणि एका धडधाकट माणसाला वळणाच्या अलीकडे पाठवून येणाऱ्या गाड्यांना इशारा द्यायला लावावे. धारच्याच जिल्ह्यात, आग्रा–मुंबई महामार्गावरच्या गणपती घाटात, ब्रेक न लागलेल्या मालमोटारी खालच्या गाड्यांवर आदळून किती बळी गेले हे त्या बाजूच्या लोकांना ठाऊक आहे. मग आदळलेल्या मोटारीची किल्ली फिरवून इंजिन बंद करावे. जवळ बिडी-सिगारेट पेटवू देऊ नये. आणि १०८ ला फोन करावा, पोलिसांसाठी ११२. जागा सांगताना दरवाजा, नाला, मैलाचा दगड, जवळचे गाव अशी खूण सांगावी. ‘मांडूच्या रस्त्यावर’ एवढ्याने रुग्णवाहिका सापडत नाही.

त्यानंतर माणसे मोजावी. लहान मूल आसनाखाली सरकलेले असते, कधी एखादा दूर फेकला गेलेला असतो. मोजताना ओरडणाऱ्याकडे नव्हे तर गप्प असलेल्याकडे आधी जावे. सिस्टरांनी त्या दिवशी हेच केले. जो बोलतो, रडतो, शिव्या देतो, त्याच्या नाकातोंडातून हवा जात आहे. जो मान टाकून बसला आहे, त्याची जीभ किंवा तोंडातले रक्त घशात अडकून तो दोन-चार मिनिटांत आपल्या डोळ्यांदेखत जाऊ शकतो. अशा बेशुद्ध माणसाचे डोके मागच्या बाजूने दोन्ही हातांनी धरून सरळ करावे व तसेच धरून ठेवावे. गाडीबाहेर पडलेला असेल व घशात घरघर होत असेल, तर डोके, मान व धड एकाच वेळी फिरवून त्याला कुशीवर करावे, म्हणजे रक्त व उलटी बाहेर पडेल.

वाहत्या रक्तावर एकच सोपा उपाय आहे : स्वच्छ कापडाची घडी ठेवून तळहाताने घट्ट दाबणे, आणि दाबत राहणे. थांबले का ते पाहायला मध्येच कापड उचलू नये. भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे. हळद, चहापूड, चुना, माती यांतले काही घालू नये. दाखल्यातल्या तेल-द्राक्षारसाची त्या काळी योग्यता होती, कारण द्राक्षारसाने जखम धुतली जात असे. आज त्या जागी घट्ट दाबलेले कापड पुरे. हातापायाचे रक्त दाबूनही थांबतच नसेल, जीव जाईल असे वाटत असेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टी घट्ट आवळावी व आवळल्याची वेळ लिहून ठेवावी. काच किंवा पत्रा शरीरात घुसला असेल तर तो उपसू नये. त्यानेच आतले रक्त अडवून धरलेले असते. तो हलू नये म्हणून भोवती कापड गुंडाळावे.

आता पाण्याविषयी. आपल्याकडे मरणाऱ्याच्या तोंडात पाणी घालणे हे पुण्य समजले जाते आणि पाणी नाकारणे निष्ठुरपणा. म्हणून हे घरी, मंडळीत, गावात पुन्हा पुन्हा सांगायला हवे. अपघातानंतर लागणारी तहान हे पुष्कळदा आत रक्त वाहत असल्याचे लक्षण असते. पांढरा चेहरा, गार घाम, जलद व बारीक नाडी, अस्वस्थता, तहान, ही पाचही एकत्र दिसली की बाहेर जखम नसली तरी हा माणूस सर्वांत आधी न्यायचा. त्याला प्यायला दिलेले पाणी पोटात साठते. शुद्ध हरपली किंवा शस्त्रक्रियेसाठी भूल दिली की ते उलटून फुप्फुसांत शिरण्याचा धोका असतो. ओठ ओल्या रुमालाने टिपावेत, अंगावर शाल घालावी, हात धरून बोलत राहावे. चहा, दारू, दुखण्याची गोळी, काहीही पोटात जाऊ देऊ नये.

डोक्याला मार लागून क्षणभर शुद्ध गेलेला माणूस पुन्हा नीट बोलू लागला, तर सगळे म्हणतात, झाले, आता घरी जाऊ. कवटीच्या आत रक्त हळूहळू साठत असेल तर तोच माणूस काही तासांनी झोपाळू होतो, ओकतो आणि मग उठत नाही. शुद्ध गेली होती हे कळले की तपासणी झालीच पाहिजे, तो कितीही नको म्हणो.

म्हातारीला आम्ही काखेत धरून ओढले, ही त्या दिवशीची दुसरी मोठी चूक. मानेचा मणका निखळलेला असता तर आमच्या हातून ती जन्माची पांगळी झाली असती. गाडी पेटण्याची, पाण्यात जाण्याची किंवा दरीत घसरण्याची भीती नसेल तर प्रवाशाला जागीच राहू द्यावे, डोके स्थिर धरावे व रुग्णवाहिकेची वाट पाहावी. अशी भीती असेल तर मात्र क्षणाचा विचार न करता बाहेर काढावे. ३० डिसेंबर २०२२ च्या पहाटे रुडकीजवळ क्रिकेटपटू ऋषभ पंत याची मोटार दुभाजकावर आदळून पेटली. हरियाणा परिवहनच्या बसचे चालक व वाहक धावले आणि त्यांनी त्याला जळत्या गाडीपासून दूर नेले. तेथे मणक्याचा विचार करत बसायला वेळ नव्हता.

उचलावेच लागले तर चार-पाच जणांनी मिळून, एकाने फक्त डोके-मान धरून, एकाच्या हुकुमाने सर्वांनी एकदम उचलावे. खाट, फळी, दुकानाचे दार, जे सपाट मिळेल ते खाली सरकवावे. माळव्यात कोणत्याही झोपडीत खाट मिळते. मागितली की लोक देतात. मोडलेला पाय ओढून सरळ करू नये. गुंडाळलेली वर्तमानपत्रे किंवा छत्री लावून चांगल्या पायाला बांधावा. गरोदर बाईला डाव्या कुशीवर न्यावे.

रुग्णवाहिका येईपर्यंत थांबावे की आपल्या गाडीने न्यावे, हा प्रश्न गटात नेहमी विचारला जातो. त्याला एक उत्तर नाही. रुग्णवाहिकेत प्राणवायू असतो, शिकलेला माणूस असतो आणि कोणत्या रुग्णालयात रक्त व शस्त्रक्रियेची सोय आहे हे त्याला ठाऊक असते. मानेला मार लागलेला, शुद्धीवर असलेला माणूस तिची वाट पाहू शकतो. पोटात रक्त वाहणारा मात्र फार थांबू शकत नाही. फोनवर विचारावे, किती वेळ लागेल? लांबचे उत्तर आले तर त्यांना कळवून निघावे आणि शक्य असल्यास वाटेत भेटण्याचे ठिकाण ठरवावे. जवळचा दवाखाना व योग्य रुग्णालय यांत फरक आहे. तीन ठिकाणी फिरून चौथ्या ठिकाणी टेबलावर पोहोचलेला माणूस आपला सर्वांत मोलाचा तास वाटेत घालवून आलेला असतो. भारताच्या विधी आयोगाने २००६ च्या आपल्या २०१ व्या अहवालात हेच मांडले की पहिल्या तासात उपचार मिळाले तर अपघातातले निम्मे मृत्यू टळू शकतात. २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातच या तासाची व्याख्या आली आहे.

रुग्णालयात पोहोचवून काम संपत नाही. डॉक्टरांना सांगावे : अपघात किती वाजता झाला, गाडी कशावर आदळली, हा कोठे बसला होता, पट्टा होता का, शुद्ध गेली होती का, काही प्यायला-खायला दिले का. आमच्यासारखी चूक झाली असेल तर तीही सांगावी. लपवलेली पाण्याची बाटली शस्त्रक्रियेच्या टेबलावर बाहेर येते.

आम्ही मात्र पोलिसांच्या भीतीने पळालो होतो. २०१२ साली ती भीती अगदीच निराधार होती असे नाही. साक्षीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तशी भीती डॉक्टरांनाही होती. दिल्लीत मोटारीच्या धडकेने पडलेल्या एका स्कूटरस्वाराला रुग्णालयाने पोलीस प्रकरण म्हणून घेतले नाही व वीस किलोमीटर दूर पाठवले. तो वाटेत मेला. परमानंद कटारा यांनी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले आणि २८ ऑगस्ट १९८९ रोजी न्यायालयाने सांगितले की डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणे हे पहिले कर्तव्य. पोलिसांचे सोपस्कार नंतर. वाटसरूंचे भय जायला आणखी सव्वीस वर्षे लागली. २००७ साली दिल्लीत एक शाळकरी मुलगा रस्त्यावर पडून राहिला, माणसे पाहत गेली, तो मेला. त्याचे नातेवाईक पीयूष तिवारी यांनी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था काढली व सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. मे २०१५ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या, ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने त्यांना कायद्याचे बळ दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आले. या कलमाला लोक ‘गुड समॅरिटन’ कलम म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वी घाटातल्या वाटेवर थांबलेल्या त्या परक्या माणसाचे नाव असे आपल्या देशाच्या कायद्यात आले आहे. ही गोष्ट आपल्या किती मंडळ्यांत माहीत आहे?

कलम सांगते की कोणी सद्‌भावनेने, आपण होऊन, मोबदल्याची अपेक्षा न ठेवता जखमीला मदत केली आणि तरीही त्याला इजा झाली किंवा तो मेला, तर मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही. २०२० च्या नियमांनुसार त्याला नाव, पत्ता सांगण्याची सक्ती पोलीस किंवा इतर कोणीही करू शकत नाही. तो आपण होऊन साक्षीदार झाला तरच चौकशी, तीही त्याच्या सोयीच्या वेळी व ठिकाणी. त्याच्याशी धर्म, जात, लिंग यांवरून भेदभाव करता येत नाही. हे हक्क प्रत्येक रुग्णालयाने दारापाशी हिंदीत, इंग्रजीत व स्थानिक भाषेत लावायचे आहेत. जवळच्या रुग्णालयात ती पाटी आहे का ते तरुण संघाने जाऊन पाहावे. नसेल तर नम्रपणे लावायला सांगावी.

तरी आमचे मत असे की नाव द्यावे. कायद्याने न देण्याची मुभा दिली, ती भित्र्यांसाठी योग्यच आहे. परंतु जखमीची बाजू सांगणारा माणूस नसेल तर त्याच्या कुटुंबाला पुढे भरपाई मिळवताना अडचण होते.

राहिला उतारशाळेचा खर्च. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने रस्ते अपघातातील जखमींसाठी रोखरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. कोणत्याही रस्त्यावर मोटार वाहनामुळे जखमी झालेल्याला नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, पैसे न भरता उपचार मिळावेत अशी ती तरतूद आहे. रुग्णालय नेमलेल्यांपैकी नसेल तर प्रकृती स्थिर करण्यापुरते उपचार या योजनेत बसतात. ‘आधी पैसे भरा’ असे कोणी म्हणाले तर या योजनेचे नाव घ्यावे. त्याच वर्षी गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोहोचवणाऱ्यासाठी राहवीर योजनेतले बक्षीस पाच हजारांवरून पंचवीस हजार रुपयांवर नेले गेले. शोमरोन्याने दोन दीनार स्वतःच्या खिशातून दिले होते आणि इथे उलट त्यालाच मिळतात, याची आम्हांला थोडी गंमत वाटते. पण ज्याची दिवसाची मजुरी बुडाली त्या रिक्षावाल्याने ते जरूर घ्यावेत.

तरीही आठव्या दिवशी काय? मोडलेल्या मांडीचे हाड सात दिवसांत जुळत नाही, डोक्याचा मार लागलेला माणूस महिनोन्‌महिने पूर्ववत होत नाही. धार शहराला हे शुश्रूषेचे काम नवे नाही. कॅनडाच्या प्रेसबिटेरियन मिशनच्या डॉ. मार्गारेट ओहारा १८९५ मध्ये तेथे आल्या व त्यांनी स्त्रियांसाठी रुग्णालय उभे केले. त्याच्या कितीतरी आधी, १४४५ मध्ये, मांडूच्या सुलतान महमूद खिलजीने गडावर दारुश्शिफा काढली होती. मौलाना फजलुल्ला हे हकीम तिचे प्रमुख होते आणि रुग्णांच्या औषधांसाठी उत्पन्न नेमून दिलेले होते. आम्ही डबे सोडले ती कारवान सराईसुद्धा १४३७ ची, वाटसरूंच्या मुक्कामासाठी बांधलेली. वाटेवरच्या परक्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न त्या काळीही सोडवावा लागला होता. आपल्या मंडळीच्या दानातून अपघातग्रस्तांसाठी एक लहान निधी बाजूला ठेवता येईल का, रुग्णासोबत रात्र काढणाऱ्यांची पाळी लावता येईल का, हे मंडळीच्या पंचांनी एकदा बसून ठरवावे. त्या रात्री रुग्णालयात सिस्टर एकट्या बसल्या होत्या. आम्ही दहा-अकरा जण होतो, पाळी लावता आली असती.

हा पाठ गटात घेताना निम्मा वेळ अंगणात घालवावा. एक खाट, दोन ओढण्या, एक छत्री व चार जुनी वर्तमानपत्रे आणावीत. एकाला मोटारीच्या मागच्या आसनावर बसवावे. त्याने काही बोलायचे नाही. इतरांनी त्याचे डोके स्थिर धरून, मान न वाकवता, त्याला खाटेवर आणून दाखवावे. पहिल्या खेपेस जमत नाही. आम्हांला चौथ्या खेपेस जमले. नंतर प्रत्येकाने आपल्या फोनमध्ये १०८ व ११२ हे क्रमांक आणि आपल्या वाटेवरच्या, रात्री शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयाचा क्रमांक घालावा. तो आधी दिवसा एकदा लावून पाहावा, कोणी उचलतो की नाही ते.